छोटी नर्सरी आहे, पाऊस संपला की गिऱ्हाईक गायब. काय करू?

धायरीची_कुंडीवाली

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसती वाचतेय, लिहितेय पहिल्यांदाच, चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

मी आणि मिस्टरांनी दीड वर्षापूर्वी धायरीत साडेतीन गुंठे जागा भाड्याने घेऊन नर्सरी टाकली. माल बहुतेक उरुळी कांचन, सोरतापवाडीकडून आणतो, छोटा हत्ती करून, महिन्यातून दोन खेपा. जून ते ऑगस्ट चांगलं चाललं, रविवारी तर गाडी लावायला जागा नव्हती. मग गणपती झाले, पाऊस थांबला आणि आता नोव्हेंबरात दिवसाला चार-पाच गिऱ्हाईकं, त्यातली दोन कढीपत्त्याचं रोप विचारून भाव ऐकून जाणारी. जागा मेन रोडवर नाही, आतल्या गल्लीत आहे, त्यामुळे जाता-येता कोणी थांबेल असंही नाही.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. 5000 पत्रकं छापून पेपरमध्ये टाकली, आठवडाभरात मोजून 9 लोक आले. इन्स्टावर पेज काढलं, भाची रील करून देते. फेसबुकला 1500 रुपयांची जाहिरात केली, त्यावर हडपसर आणि वाकडहून फोन आले की घरपोच द्याल का, एका मोगऱ्यासाठी वाकडला कोण जाणार! शेवटी भाव कमी केला, मोगरा 80 चा 60 ला लावला, तरी काही फरक नाही, उलट मिस्टर म्हणतात आपण आता फुकट राबतोय. जाहिरातीसाठी महिन्याला फार तर दोन हजार निघतील. कोणी या धंद्यात असेल तर प्लीज अनुभव सांगा, पुस्तकी नको.

सोलापूररोडवाला

ताई, पहिलं म्हणजे भाव परत 80 करा. आजच करा. तुम्ही आमच्या उरुळी-सोरतापवाडीकडूनच माल नेता, आणि आमच्याकडे हायवेला उभं राहून जो भाव करतो त्याच्याशी भावात तुम्ही जिंकणार नाही, कधीच नाही. ज्याला स्वस्त पाहिजे तो रविवारी पोरंबाळं घेऊन इकडे येतो, डिकी भरून नेतो. तो तुमचा नाहीच, त्याचा नाद सोडा.

मी 22 वर्षं यात आहे. मला विचाराल तर गिऱ्हाईक का येत नाही याचं खरं कारण पत्रक नाही. तुम्ही जून-जुलैत जी झाडं विकली त्यातली आज किती जिवंत आहेत? लोक झाड नेतात, महिन्याभरात ते मरतं, आणि मजा अशी की माणूस आपल्याला शिव्या देत नाही, तो म्हणतो "माझ्या हाताला झाडं लागत नाहीत" आणि कायमचा बंद होतो. भांडायला आला असता तर बरं, निदान दुसरं झाड तरी विकता आलं असतं. हा असा न बोलता गेलेला माणूस सगळ्यात महाग पडतो आणि तो वहीत कुठे दिसत नाही.

आता मरतं का ते पण सांगतो. शोभेचा बराच माल आंध्रातून येतो, राजमुंद्रीजवळ कडियम म्हणून गाव आहे तिथून ट्रकच्या ट्रक, आमच्याकडे उतरतो आणि मग तुमच्याकडे. त्या पिशवीत मुळाभोवती चिकट मातीचा गच्च गोळा असतो. लांबच्या प्रवासात तो फुटत नाही म्हणून चांगला, पण घरी कुंडीत तसाच ठेवला तर बाहेरची माती ओली आणि गोळा आत कोरडा ठणठणीत, नाहीतर उलटं, गोळ्यात पाणी धरून मुळं सडतात. गिऱ्हाईकाला यातलं काही माहीत नसतं. तुम्ही विकायच्या आधी गोळा पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा, मुळं तोडायची नाहीत, आणि शेणखत, कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, थोडी निंबोळी पेंड घालून नवीन मिश्रणात लावून 15 दिवस तुमच्याकडे ठेवा. आणि शेडनेटखालचं झाड एकदम पश्चिमेच्या बाल्कनीत गेलं की पानं करपणारच, ते पण आठ-दहा दिवस थोड्या थोड्या उन्हात काढा. मग पाटी लावा, "15 दिवस आमच्याकडे रुळवलेलं झाड", आणि भाव 80 नाही, 120 लावा. हीच जाहिरात समजा.

धायरीची_कुंडीवाली

काका, हे वाचून पोटात गोळाच आला. खरंय, आम्ही टेम्पोतून उतरवलं की तसंच रांगेत लावतो आणि विकतो. जुलैत एका आजोबांनी सहा जास्वंदी नेल्या होत्या, परत दिसलेच नाहीत, मी समजत होते गावी गेले असतील.

फक्त_गिऱ्हाईक

मी धंद्यातला नाही, फक्त झाडं घेतो आणि मारतो. गिऱ्हाईक म्हणून माझं सांगतो, नर्सरीत गेलं की कशावरच भाव नसतो. प्रत्येक झाडाला "हे कितीला" विचारायचं आणि समोरचा आपली गाडी बघून आकडा सांगतोय असं वाटत राहतं. तीन-चारदा विचारलं की लाज वाटते मग एक तुळस घेऊन बाहेर. दुसरं म्हणजे विचारलं पाणी किती घालायचं तर ठरलेलं उत्तर, "रोज थोडं थोडं". स्नेक प्लांटला रोज थोडं थोडं घालून मी दोन कुजवलेत.

एवढंच करा ताई, प्रत्येक ओळीला भावाची पट्टी, आणि झाडासोबत एक चिठ्ठी, ऊन किती तास, पाणी कधी, खत कधी. मराठीत. ती मी फ्रिजला चिकटवीन आणि तिच्यावर तुमचा नंबर असेल तर पुढचा फोन तुम्हालाच येणार ना.

ठाण्याची_बाल्कनी

वरच्या चिठ्ठीच्या मुद्द्याला हजारदा हो. मी ठाण्यात घोडबंदर रोडला हेच काम करते पण माझी नर्सरी नाही, मी बाल्कनी लावून देते आणि सांभाळते. सुरुवात मीही रोपं विकण्यापासूनच केली होती आणि तुमच्यासारखीच बोंब होती, पाऊस संपला की सन्नाटा. मग एका बाईंनी विचारलं, झाड नको, आहेत तीच जगवून द्याल का, मी म्हटलं 300 रुपये व्हिजिट. तिथून फिरलं सगळं.

पावसाळ्यानंतर लोक नवीन झाड घेत नाहीत हे खरं, पण त्यांची आधीची झाडं नेमकी तेव्हाच आजारी पडतात. जास्वंदीवर पांढरा कापूस दिसतो, पिठ्या ढेकूण, मोगरा फुलायचा थांबतो, कुंडीतली माती पावसाने वाहून अर्धी झालेली असते. म्हणजे आत्ता नोव्हेंबरात तुमचा माल "झाड" नाहीये, तुमचा माल आहे माती बदलणं, छाटणी, कीड काढणं. तुमच्या गल्लीच्या दोन-तीन किलोमीटरमध्ये किती फ्लॅट असतील विचार करा, वाकड सोडून द्या.

माझी पद्धत सांगते. कोणी फोन केला की आधी बाल्कनीचे तीन फोटो मागते, सकाळी 9 ला, दुपारी 1 ला आणि 4 ला. त्यात ऊन कुठवर येतं ते कळतं. मग त्यांनी मोगरा मागितला आणि ऊन दोनच तास असेल तर मी सरळ नाही म्हणते. पहिल्यांदा नाही म्हणताना हात थरथरला माझा, 1100 रुपयांची ऑर्डर होती! पण त्याच बाईंनी नंतर त्यांच्या मजल्यावरची चार घरं मिळवून दिली.

व्हॉट्सॲप बिझनेस वापरता का? कॅटलॉग टाका भावासकट. आणि लेबलं वापरा, मी "गुलाब", "मोगरा", "इनडोअर", "नुसती चौकशी" अशी केलीत. जानेवारीत फक्त गुलाबवाल्यांना एक ओळ जाते की आता खत घाला, हवं असल्यास पाकीट आहे. सगळ्यांना सगळं पाठवलं की लोक म्यूट करतात. एक गोष्ट लक्षात ठेवा, ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज एकदम सगळ्यांना पाठवायची यादी, तिच्यात 256 च नंबर बसतात आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. मला हे सहा महिने माहीत नव्हतं, मी आपली पाठवतेय पाठवतेय आणि निम्म्यांना पोचतच नव्हतं. म्हणून आता झाड देतानाच म्हणते, नंबर सेव्ह करा, पानाचा फोटो पाठवलात तर औषध सांगेन, फुकट.

रीलवाला_पोऱ्या

फुकट सल्ला देऊन देऊन दमाल ताई 😅

बाकी सगळं मान्य पण रील एवढी वाईट नाही, चुकीची करताय बहुतेक. माझ्या मामाच्या नर्सरीच्या एका रीलला दीड लाख व्ह्यूज आले, अडेनियमची छाटणी होती, आणि कमेंटमध्ये लातूर, भोपाळ, इंदूर, कुरिअर करता का कुरिअर करता का. मामा खुश, गल्ला रिकामा. मग आम्ही कंटाळवाण्या रील सुरू केल्या. "आज गाडी आली, काय काय उतरलं बघा", मामा नुसता कॅरेट उचलून नावं आणि भाव सांगतो, शेवटी गल्लीच्या तोंडाशी उभा राहून "मारुतीच्या देवळासमोरून आत या" म्हणतो. व्ह्यूज 800-900, पण येणारे सगळे त्याच भागातले, आणि येऊन म्हणतात ती शेवंती संपली का.

आणि गूगल मॅपवर धंदा टाकलाय का ते आधी सांगा, पैसे लागत नाहीत. लोक "नर्सरी निअर मी" असंच शोधतात. वेळ बरोबर टाका, सोमवारी बंद असाल तर तसं टाका, गल्लीच्या तोंडाचा फोटो टाका. प्रत्येक गिऱ्हाईकाला म्हणा रिव्ह्यू द्या, एक झेंडूचं रोप फ्री.

ठाण्याची_बाल्कनी

रिव्ह्यूच्या बदल्यात फ्री रोप अजिबात देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही, रिव्ह्यू उडवतात. रोप द्यायचंच असेल तर सगळ्यांना द्या, रिव्ह्यू वेगळा मागा. मी रिव्ह्यूचा क्यूआर यूपीआयच्या क्यूआरच्या बाजूलाच चिकटवलाय. पैसे देताना फोन हातातच असतो.

रीलवाला_पोऱ्या

ओह, हे माहीत नव्हतं. मामाला सांगतो 🙈

सांगलीची_सुनबाई

सगळे मोबाईलमध्येच घुसलेत, पंचांग बघा की जरा! आमची नर्सरी सांगलीत, सासऱ्यांच्या काळापासून, आणि आमचं अख्खं वर्ष सणांवर चालतं. आत्ता नोव्हेंबर चाललाय म्हणजे तुळशीचं लग्न आलंच, तुळस दिवाळीतच पुढे मांडायला हवी होती, रामतुळस आणि कृष्णतुळस वेगवेगळी, वृंदावनात बसेल अशा मापाची. ते राहिलं असेल तर जाऊ दे, पुढचं ऐका.

मार्गशीर्षातले गुरुवार. कलशात ठेवायला पाच झाडांच्या डहाळ्या लागतात, आंबा, पेरू, सीताफळ, चिकू, डाळिंब, जे मिळेल ते, आणि शहरात बायकांना त्यासाठी मंडईत जाऊन जुडी विकत घ्यावी लागते. तुमच्याकडे फळझाडं असतील, छाटणी तशीही करता. दर बुधवारी संध्याकाळी पाच ते आठ, जुडी बांधून फुकट द्या. फुकट, एक रुपया घेऊ नका. गेटला खडूने लिहा, सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर एकीला टाकायला सांगा. बाई एकदा आत आली की ती नुसती डहाळी घेऊन जात नाही हो, शेवंती बघते, कुंडी बघते, आणि चार गुरुवार म्हणजे चारदा येते. कुठलं पत्रक हे करणार?

मग संक्रांत. हळदीकुंकवाचं वाण! संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत चालतं, आणि प्रत्येक बाईकडे प्लॅस्टिकचे डबे आणि गाळण्या एवढ्या झाल्यात की नवीन काहीतरी पाहिजेच असतं. पानओवा करा. एका मोठ्या कुंडीतून शंभर काड्या निघतात, तीन आठवड्यांत रुजतो, मरता मरत नाही, भजी होतात, खोकल्याला चालतो. आत्ता काड्या लावल्या तर जानेवारीला तयार. पण अ‍ॅडव्हान्स घ्या निम्मा.

एक फजिती सांगते आमची. पहिल्या वर्षी एका वहिनींनी 51 रोपं नेली, आम्ही दिली साध्या काळ्या पिशवीत, सकाळीच पाणी मारून, ताजी दिसावीत म्हणून. संध्याकाळी त्यांचा फोन, कार्यक्रम चालू असतानाच. एका पाहुणीने वाण ओटीत घेतलं आणि पिशवीच्या भोकातून लाल पाणी थेट पैठणीवर. अहो पैठणीवर! सासूबाई स्वतः जाऊन माफी मागून आल्या, ड्रायक्लीनिंगचे पैसे दिले. तेव्हापासून वाणाचं रोप तीन इंची कुंडीत, आदल्या दिवशीपासून पाणी बंद, खाली कागदी द्रोण आणि वर तिळगुळाची पुडी सुतळीने बांधलेली. त्याच वहिनींनी पुढच्या वर्षी परत नेली, 75.

ऑगस्टच्या सुरुवातीला झेंडूची रोपं विका, "दसऱ्याला घरच्या कुंडीतला झेंडू" म्हणून, लावल्यापासून साधारण दोन महिन्यांत फुलतो, दसरा कधी आहे बघून आठवडा मागेपुढे करा. गणपतीला दूर्वांचे ट्रे. सुचेल तेवढं आहे.

कोथरूड_सेक्रेटरी

सोसायट्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो तीन वर्षं. 2016 चे घनकचऱ्याचे नियम आले तेव्हापासून मोठ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवावा लागतो, त्यामुळे प्रत्येकीकडे खताचे ढीग पडलेत आणि ते न्यायला कोणी नसतं. आमच्याकडे एक नर्सरीवाला आला, म्हणाला खत मी चाळून देतो, एक रविवार द्या, लोकांनी आपापल्या कुंड्या खाली आणायच्या, मी माती बदलून देतो, कुंडीला 40 रुपये, खत सोसायटीचंच. सकाळी साडेआठला सतरंजी टाकून बसला तर दुपारी दीडपर्यंत उठला नाही. पोरं मातीत खेळली, आजी लोक खुर्च्या टाकून बसले, गणपतीपेक्षा गर्दी. रोपं बरोबर आणलीच होती, ती पण संपली. आम्ही त्याला जागेचं भाडं लावलं नाही कारण आमचं खत गेलं. तुमच्या आसपास अशा डझनभर तरी सोसायट्या असतील, सेक्रेटरीला भेटा, चेअरमनला नको, चेअरमन फक्त सही करतो.

सोलापूररोडवाला

रविवारचं ठीक आहे, रोख हातात पडते. पण ताई, सोसायटीच्या बागेचं वर्षाचं काँट्रॅक्ट घ्यायला धावू नका हां. आमच्या पाहुण्याने घेतलं, महिना 14 हजार ठरले, माळी याने ठेवला, पगार याने दिला, आणि बिल चार-चार महिने कमिटीत लटकलेलं, मध्येच कमिटी बदलली, नवीन म्हणतात आम्ही नाही ठरवलं. तुमच्याएवढ्या छोट्या धंद्याला चार महिन्यांची उधारी म्हणजे फास.

अजून एक, कोणी आंब्याची, चिकूची कलमं ठेवा म्हणेल, मागणी असते, पण फळझाडांच्या नर्सरीला कृषी खात्याचा परवाना लागतो, 1969 चा कायदा आहे. आधी चौकशी करा मग बोर्डावर लिहा. छाटणीच्या डहाळ्या वाटायला काही हरकत नाही, सुनबाईंची आयडिया झकास आहे, 22 वर्षांत मला सुचली नाही.

धायरीची_कुंडीवाली

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, माफ करा, महिना झाला. काय काय केलं ते लिहिते.

मोगरा परत 80 ला. रुळवलेली झाडं वेगळ्या बाकावर, भाव 130, मिस्टरांचा विश्वास नव्हता, ती आधी संपतात. चिठ्ठ्या झेरॉक्स करून आणल्या, 28 झाडांच्या झाल्यात. भावाच्या पट्ट्या मुलाने रंगवल्या, शेवंतीचं स्पेलिंग "शेवती" झालंय तसंच ठेवलंय. सोसायटीचा एक रविवार झाला, 61 कुंड्या, कंबर गेली माझी, पण 2440 नुसते माती बदलायचे आणि रोपांचे वेगळे. दुसऱ्या एका सोसायटीत सेक्रेटरींनी हाकललं, आमच्याकडे फेरीवाले चालत नाहीत म्हणाले. गूगलवर टाकलंय, व्हेरिफिकेशनसाठी व्हिडिओ मागितला, गल्लीपासून आतपर्यंत चालत काढला, दुसऱ्यांदा पास झाला.

पानओव्याच्या 120 काड्या लावल्या, 30 एक सडल्या, पाणी जास्त झालं, म्हणजे मी पण गिऱ्हाईकासारखंच केलं 😄

आणि पहिला गुरुवार! बुधवारी संध्याकाळी 38 बायका आल्या, मी 25 च जुड्या बांधल्या होत्या, मिस्टर अंधारात टॉर्च घेऊन पेरूच्या फांद्या तोडत होते. 11 जणींनी काही ना काही घेतलं. एक काकू जुडी उलटसुलट बघून म्हणाल्या, यात डाळिंब नाही का गं, मंडईत देतात. सांगलीच्या ताई, डाळिंब नसलं तर काय घालायचं, पुढच्या बुधवारच्या आत सांगा.

सांगलीची_सुनबाई

पाच झाल्याशी मतलब, जांभूळ घाल. आणि काकूंना डाळिंबाचं रोप विकायचं नाही का मग, काय तू पण!